बाईंनी निवडलेलं सॉफ्टवेअर

नणंद-भावजयीचं पटत नाही अशी जगाची ठाम समजूत आहे. आमचं पटतं. रोज पटतं असं नाही, पण पटतं. माझी नणंद हे मी जवळून पाहिलेलं सगळ्यात सरळ माणूस, आणि सरळ माणसाबरोबर एका घरात नांदणं किती अवघड असतं ते नांदलेल्यालाच ठाऊक. भाजीवाल्यानं चुकून जास्त भाजी तोलली तर ती परत करायला या बाई उन्हात चौकापर्यंत जाणार, आणि आपण घरात पंख्याखाली बसलोय म्हणून आपल्यालाच लाज वाटणार.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत, म्हणून गावालाही त्या बाईच. माझ्या नवऱ्याहून मोठ्या, लग्न केलेलं नाही. का नाही केलं हे मी नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं. "जमलं नाई," एवढंच म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांची शाळा सडक अर्जुनीपासून आत एका खेड्यात होती आणि आमचं घर हायवेला लागून. पुढच्या खोलीत माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा वर्ग चाले. मोठा ट्रक गेला की मॉनिटर थरथरायचे आणि नव्या मुली घाबरून हात मागे घ्यायच्या. कॉम्प्युटरमधलं तालुक्यात माझ्याइतकं कोणाला कळत नाही असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

एका रविवारी बाई स्वयंपाकघरात तरोट्याची पावसाळी भाजी खुडत बसल्या होत्या. माझा नवरा धानाच्या बांधीवरून येऊन पाय धूत होता. बाई मान वर न करता म्हणाल्या, "मी एक लेकरू घेऊन राहिली."

"कोनाचं?" नवऱ्यानं विचारलं.

"माह्यं."

मग हळूहळू उलगडलं. नागपूरच्या एका संस्थेत त्या एकट्याच एसटीनं जाऊन आल्या होत्या. एकट्या बाईला मूल दत्तक घेता येतं का, वय जास्त तर झालं नाही ना, पगार पुरेल का, हे सगळं विचारून, अर्ज भरून आल्या होत्या. आम्हाला सांगितलं ते परवानगी मागायला नव्हे, घरात पाळणा कुठे बांधायचा ते ठरवायला.  माझा नवरा ओल्या पायानं तसाच उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "मंग बरं आहे."

संस्थेनं कागदांची यादी दिली होती. डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा दाखला, चार ओळखीच्या माणसांची पत्रं, आणि तीन वर्षांची आयकर विवरणं, फॉर्म सोळासकट, म्हणजे पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यासकट. त्या वर्षीचं विवरण भरायचं अजून बाकी होतं. बाई म्हणाल्या, "हे मी घरीच भरतो. तू कॉम्प्युटर देशीन?"

मी म्हटलं, "कायले? गोंदियाचा तो माणूस भरते ना सगळ्यांचं."

"हे कागद पाहून कोनीतरी ठरवनार आहे, मी आई होऊ शकतो का नाई. ते कागद दुसऱ्यानं भरलेले कसे चालतीन वो?"

 आपला हात जगन्नाथ, असं काहीतरी पुटपुटत मी कॉम्प्युटर सुरू केला.

आमच्या भागातल्या मास्तर लोकांची कराची रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. फेब्रुवारी आला की प्रत्येकाला आपल्या पगाराचा, विम्याचा, बचतीचा हिशोब तालुक्याच्या ऑफिसात द्यावा लागे. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांचा तो हिशोब एकच गुरुजी करत. बाईंच्याच शाळेतले, मनमिळाऊ, कॉम्प्युटरचा नाद असलेले. त्यांनी एक तक्ता बनवला होता आणि नाव बदलून, पगार बदलून ते सगळ्यांचे कागद काढत. एक पैसा घेत नसत. मग एका दुपारी सगळे जमत, त्याला "सहीचा दिवस" म्हणत. आलुबोंडे आणि तर्री मागवलेली असे. गुरुजी कागदावर पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवत, तिथे सही करायची आणि पुढच्या माणसाकडे गठ्ठा सरकवायचा. बोंडे थंड व्हायच्या आत सह्या उरकायच्या हा तिथला नियम. वर्गात पोरांना "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" म्हणून घसा कोरडा करणारी ही माणसं, पण त्या दिवशी एकही ओळ वाचत नसत. त्या कागदावरून फॉर्म सोळा निघे, आणि जुलैत गोंदियातला एक माणूस सगळ्यांचे फॉर्म गोळा करून विवरण भरून टाकी.

तेव्हा पहिलं काम होतं त्या माणसाच्या हातून बाईंचं आयकराच्या संकेतस्थळावरचं खातं सोडवणं. सगळ्या मास्तरांची खाती त्यानं स्वतःच्या मोबाइल नंबरवर आणि एकाच पासवर्डवर उघडलेली. मी आणि बाई गोंदियाला गेलो. बाजारात जिन्याखाली त्याचं दुकान.

"दीदी, आपको क्या तकलीफ है? हम हैं ना," तो म्हणाला.

"आप हो, वो ठीक है," बाई त्यांच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाल्या, "पर पगार मेरा है, तो नंबर भी मेरा चाहिए." आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. तो दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळला, चहा मागवला, फोनवर बोलला. बाई बसून. शेवटी कंटाळून त्यानं नंबर बदलून दिला. निघताना म्हणाला, "मैडम, खुद भरना है तो सॉफ्टवेअर की सीडी ले लो, सब बड़े लोग यही चलाते हैं." स्वस्तात मिळत होती, मी लगेच घेतली. बाईंनी पिशवीत टाकली, पण चेहरा सांगत होता की बियाणं घेतलंय, पेरायचं अजून ठरलेलं नाही.

घरी आल्यावर निवड सुरू झाली. माझ्या हिशोबानं हे काम तासाभराचं होतं. सीडी होती, सरकारनं फुकट दिलेली एक्सेलची फाइल होती, आणि इंटरनेटवर दोन संकेतस्थळं मी शोधून काढली होती. एकावर फॉर्म सोळा चढवला की चुटकीसरशी सगळं भरून मिळायचं. माझं मत अर्थातच त्याला. मला जलद कामं आवडतात. दुसरं संकेतस्थळ मला मुळीच आवडलं नव्हतं. ते एका वेळी एकच प्रश्न विचारायचं, उत्तर दिलं की पुढचा. मी म्हटलं, "हे तर चौकशी करून राहिलं. सासूसारखं."

बाईंनी मात्र परीक्षाच मांडली. चौघांना एकच पेपर. आणि तोही साधा नाही. त्यांनी मला सांगितलं, "माही जन्मतारीख चुकीची टाक. मी आठ वर्षांची आहो असं टाक."

"काऊन?"

"टाक तर."

सरकारी फाइल जागोजागी लाल झाली. चूक कुठे आहे ते मात्र सांगेना, बिघडलेल्या पोरासारखी नुसती रुसून बसली. सीडीनं एकदा टुण्ण असा आवाज केला आणि पुढे गेली. माझ्या आवडत्या संकेतस्थळानं तर कमालच केली. आठ वर्षांच्या मुलीला शिक्षिकेचा पगार, विमा आणि भविष्य निर्वाह निधी, सगळं निमूट गिळलं आणि मोठ्या हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलं. मी हसून लोटपोट झाले. बाई हसल्या नाहीत. "चुकीचं टाकलं तरी जे हो म्हन्ते, त्याच्या हो ले काय किंमत?" त्या म्हणाल्या.

चौथ्यानं, त्या चौकशीखोरानं, विचारलं की तुमचं वय लहान दिसतं आहे, तारीख पुन्हा पाहाल का. तेवढंच. आरडाओरडा नाही, रुसवा नाही. बाई खुर्चीत सावरून बसल्या. त्यांच्या शाळेत तपासणीला चांगला साहेब आला की त्या अशाच बसत असणार. "हे," त्या म्हणाल्या. "बाकीचे सांगून राहिले. हे विचारून राहिलं. मले विचारनारं पाहिजे."

त्यांची ती निवड पाहून मला तेव्हा चीड आली होती. आज इतक्या वर्षांनी वाटतं, इतक्या कमी वेळात इतकी चोख पारख मी आमच्या वर्गात येणाऱ्या एकाही पदवीधराकडे पाहिली नाही. कॉम्प्युटर चालवता येणं वेगळं आणि त्याच्यावर किती विसंबायचं हे कळणं वेगळं. मला पहिलं येत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही भरायला बसलो. लाइट दुपारी जाणार हे ठरलेलंच, म्हणून आंघोळी उरकून लवकर बसलो. प्रश्न इंग्रजीत होते. बाईंना वाचता येई, पण त्या म्हणाल्या, "तू मराठीत विचार, मी उत्तर देतो. तोंडी परीक्षा." मग मी वाचत गेले. घरभाडं येतं का? नाही. बँकेचं व्याज? त्यांनी पासबुक उघडून सांगितलं, बचत खात्याचंसुद्धा. मी म्हटलं, एवढं कोण लिहितं. त्या म्हणाल्या, आपन लिहितो. भविष्य निर्वाह निधी? विमा? सगळं भराभर चाललं होतं. मी वाचायच्या ओघात होते, आणि त्याच ओघात मोठ्यानं विचारून बसले, "शाळेची फी भरता ती मुलं किती?"

विचारल्यावर मला कळलं, कोणाला विचारलं ते. हायवेवरून एक ट्रक गेला. मॉनिटर थरथरला. बाई पडद्याकडे पाहत होत्या.

"शून्य लिही," त्या म्हणाल्या.

मी शून्य लिहिलं. पुढचं पान उघडलं आणि वर एक नारिंगी पट्टी आली. तुमची उत्तरं आणि सुरुवातीला टाकलेली फॉर्म सोळामधली रक्कम जुळत नाहीत. आधी वाटलं मीच काहीतरी चुकीचं टाइप केलं. पुन्हा तपासलं. मग बाईंनी फॉर्म सोळा हातात घेतला आणि पहिल्यांदाच ओळीनं वाचला. बचतीच्या रकान्यात, विम्याच्या खाली लिहिलं होतं: मुलांचे शिक्षण शुल्क. मुले दोन.

ती मुलं गुरुजींची होती. तक्ता मुळात त्यांनी स्वतःसाठी बनवलेला. नाव बदललं, पगार बदलला, विमा बदलला, आणि करात सूट देणारी फीची ओळ दरवर्षी तशीच राहिली. आम्ही मागची वर्षं काढून पाहिली. तिथेही दोन मुलं. गुरुजींची पोरं वरच्या वर्गात गेली तशी आमच्या बाईंची फीही वाढत गेली होती. केंद्रातल्या सगळ्या मास्तरांच्या पदरात तीच दोन पोरं. ज्यांची नातवंडं शाळेत जातात अशा निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींच्याही. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

कारण संस्थेच्या अर्जावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, सध्या अपत्य नाही. आणि त्याच अर्जाला जोडायचे तीन वर्षांचे कागद म्हणत होते, दोन आहेत. कोणीही नुसती पानं उलटली तरी विचारलं असतं, बाई, यातलं खरं काय? जिच्या कागदावर खोटी पोरं आहेत तिच्या हवाली खरं पोर कोण करील?

मी लगेच उपाय काढला. मला उपाय लवकर सुचतात. यंदाचं नीट भरा, मागच्या वर्षांचे फॉर्म सोळा हरवले म्हणून सांगा, नुसती पोचपावती जोडा. तिच्यावर पोरांचा उल्लेख नसतो. झालं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "या सॉफ्टवेअरमधी जुनं दुरुस्त करता येते का, पाहा बरं."

येत होतं. अजून मुदतीत असलेल्या वर्षाचं सुधारित विवरण भरायची सोय होती. मी पाहिलं, आणि तरी म्हटलं, "बाई, कर वाढीन, व्याज लागीन. अन् त्या कागदावर 'सुधारित' असं लिहून येते. संस्थेची बाई म्हनीन, आधी खोटं काऊन भरलं होतं? हे म्हंजे हात दाखवून अवलक्षण."

"म्हनू दे."

"अन् लेकरू नाई दिलं तर?"

बाईंनी फॉर्म सोळा पुन्हा हातात घेतला. मला वाटलं आता मन वळलं. पण त्यांनी शांतपणे सांगितलं, "नाई दिलं तर नाई दिलं. पन ते लेकरू आलं अन् मोठं झालं, अन् मी त्याले म्हटलं खोटं बोलू नोको, तं माह्या तोंडाले ते शोभलं पाहिजे ना वो." बोलताना त्या कागदाची दुमडलेली कड पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. मूल हातचं जाईल या भीतीनं त्या आतून हादरल्या होत्या हे मला दिसत होतं, आणि तरी त्या तिथेच खुर्चीत घट्ट बसून होत्या. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर म्हणतात. तोवर मी फक्त त्यांचं ऐकत होते.

बातमी शाळेत पोचायला वेळ लागला नाही, कारण बाईंनीच ती गुरुजींना सांगितली. गुरुजी संध्याकाळी घरी आले. भले माणूस, चेहरा पार उतरलेला. त्यांनी लबाडी केली नव्हती, नुसती गडबड केली होती, आणि ती सगळ्यांच्या पथ्यावर पडल्यामुळे कोणी बोललं नव्हतं. एक-दोघांना माहीतही असावं.

"बाई, कायले उकरून राहिल्या तुमी? एकाचं निघालं का सगळ्याइचं निघते. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माही आहे ना, गुरुजी? मंग मले उघडू द्या. तुमची तुमी पाहा."

"पन पहिलं बोट माह्याकडेच येईन."

"सही माही आहे, गुरुजी. तुमी पेन्सिलीनं खूण केली होती, पेन माह्या हातात होता. मी कोनाले तुमचं नाव सांगनार नाई. बोंडा खात खात सही केली मी, तं त्याचा भुर्दंड मलेच पाहिजे."

गुरुजी चहा न घेता निघाले. दारातून परत फिरले आणि म्हणाले, "सुधारित कसं भरतात, मलेबी दाखवसान?" मी त्यांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. आले. त्यांच्या मागोमाग ते नातवंडंवाले गुरुजीही आले. सगळे काही आले नाहीत. काहींनी बाईंशी बोलणं सोडलं आणि एकीनं तर शाळेत ऐकवलंही की लग्न नाही, संसार नाही, माणसाला काम काय दुसरं. बाईंनी ते घरी येऊन सांगितलं आणि जेवल्या नाहीत. मी त्या शिक्षिकेच्या नावानं जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुधारित विवरण आम्ही त्याच चौकशीखोर सॉफ्टवेअरवर भरलं. त्यानं पुन्हा सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले, आणि बाईंनी पुन्हा सगळी उत्तरं दिली, एकही "मागच्यासारखंच" म्हणून न टाळता. सर्वांत जुन्या वर्षाची मुदत संपली होती. तिथे सॉफ्टवेअरनं स्वच्छ सांगितलं की आता दुरुस्ती होणार नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी त्या वर्षाचा फरक हातानं काढला, बँकेत जाऊन चलान भरलं. खिडकीतला माणूस चक्रावला. "नोटीस आली आहे का?" नाही. "मग कोण मागतंय?" कोणी नाही. त्यानं चलान उलटसुलट पाहिलं, साहेबांना विचारून आला आणि शिक्का मारला. मग निळ्या शाईनं सही करून पोचपावत्या आयकर खात्याच्या बंगळुरूच्या कार्यालयाला पाठवायच्या होत्या. त्यांना घडी पडू नये म्हणून बाईंनी दोन बाजूंनी वहीचे पुठ्ठे लावले. पाकीट त्यांनी माझ्या हाती दिलं नाही, स्वतः पोस्टात नेलं.

पावसाळा सरता सरता नागपूरहून संस्थेच्या समाजसेविका घर पाहायला आल्या. गोऱ्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विहीर पाहिली, संडास पाहिला, हायवे दारापासून किती जवळ आहे ते पाहिलं आणि भुवई उंचावली. नवऱ्यानं लगेच सांगितलं की फाटक बसवतोय, लोखंडाचं, उद्याच. मला विचारलं की बाई शाळेत असताना मूल कोण सांभाळणार. मी म्हटलं मी, आणखी कोण. मग त्या माझ्या वर्गाच्या खोलीत टेबलाशी बसून कागद पाहू लागल्या. एकेक पान उलटत होत्या. मी चहाचे कप घेऊन दारातच थांबले.

त्या थांबल्या ते नेमक्या तिथेच. सुधारित विवरण, त्याच्यामागे जुना फॉर्म सोळा, त्याच्यामागे चलान. बाईंनी काहीही लपवलं नव्हतं. उलट क्रमानं लावून ठेवलं होतं.

"इथे दोन मुलं दाखवली आहेत," समाजसेविका म्हणाल्या.

"होय."

"आणि नंतर तुम्ही कर भरलात. आयकराची नोटीस आली होती?"

"नाही."

"कोणी तक्रार केली होती?"

"नाही."

"मग?"

मला मध्ये तोंड घालायचं होतं. तक्ता, गुरुजी, बोंडे, सगळं सांगून टाकायचं होतं, यात यांची काही चूक नाही हो म्हणायचं होतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी गप्प झाले. परक्यांशी त्या नेहमी शाळेतलं पुस्तकी मराठी बोलायच्या. त्या दिवशी ते सुटलं.

"नसलेल्या लेकराइच्या नावानं सूट खाल्ली होती मी, म्याडम," त्या म्हणाल्या. "ते वापस केलं. आता असलेलं लेकरू द्या."

समाजसेविकांनी कागदांचा गठ्ठा सारखा केला.  मग वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मुलगा की मुलगी, काही मनात आहे का?"

इतके दिवस मशीनला, माणसांना, बँकेला, सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या माझ्या नणंदेला त्या प्रश्नाचं उत्तर देता येईना.  त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या, कधी कोणासमोर न रडलेल्या बाई, मोठ्यानं, पोरीसारख्या. मी कप तिथेच टेबलावर ठेवले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मुलगी," मी म्हणाले. "आमाले मुलगी पाहिजे."

समाजसेविकांनी ते लिहून घेतलं, आणि धानकापणीच्या दिवसांत आम्ही तिघं नागपूरला जाऊन तिला घरी घेऊन आलो.